नवा एसडीआर बोर्ड आणि नुसतीच खरखर? संगणकाकडून अँटेनाकडे तपासत जा

एसडीआर म्हणजे सॉफ्टवेअर रेडिओ: बोर्ड अँटेनाचा सिग्नल संगणकाला देतो आणि तो ऐकण्याजोगा करायचं काम सॉफ्टवेअर करतं. असा बोर्ड घरी येतो, यूएसबीत खोचला जातो, सॉफ्टवेअर उघडतं. पडद्यावर निळा वॉटरफॉल (सरकत जाणारं सिग्नलचं रंगीत चित्र) आणि कानात खरखर, बाकी काही नाही. मग माणूस एका बैठकीत ड्रायव्हर बदलतो, अँटेना बदलतो, दुसरं सॉफ्टवेअर टाकतो आणि रात्री उशिरा ‘बोर्ड डेड आहे’ म्हणून परतीचा फॉर्म भरतो. माझ्या पाहण्यातले असे बहुतेक ‘डेड’ बोर्ड ठणठणीत होते.

सांगली-मिरज, विटा, तासगाव, जत अशा भागात राहून हे सुरू करणाऱ्याला शेजारी विचारायला कोणी नसतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. सूत्र साधं आहे. संगणक, यूएसबी, ड्रायव्हर, चिप, ट्यूनर (हवी ती फ्रिक्वेन्सी निवडणारा भाग), केबल, अँटेना या साखळीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचं. एक कडी पक्की झाली की मगच पुढची. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दुरुस्त झालं तरी कशामुळे झालं ते कळत नाही.

जवळ एवढं ठेवा:

- बोर्ड, त्याच्यासोबत आलेला अँटेना आणि ॲडॉप्टर
- एक ते दोन मीटरची चांगली यूएसबी एक्स्टेन्शन केबल
- चार्जिंगवर चालणारा लॅपटॉप (डेस्कटॉप चालेल, पण खरखर शोधताना लॅपटॉपच कामाला येतो)
- घरातला साधा एफएम रेडिओ
- टेप किंवा पट्टी, अँटेनाची लांबी मोजायला
- खरेदीचं बिल आणि खोका उघडतानाचे फोटो
- एक वही, केलेला प्रत्येक बदल लिहायला

लेखातले आदेश आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

१. तुमचा बोर्ड काय ऐकू शकतो ते आधी बघा

आपल्याकडे सगळ्यात जास्त खपतो तो आरटीएल-एसडीआर डाँगल. मूळचा डिजिटल टीव्ही पाहण्यासाठी बनलेला. आत आरटीएल२८३२यू ही चिप आणि बहुधा आर८२०टी२ हा ट्यूनर. त्याची कक्षा साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ. हॅकआरएफ वन आणि ॲडाल्म-प्लूटो हे वेगळे बोर्ड. हॅकआरएफ १ मेगाहर्ट्झपासून ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. ॲडाल्म-प्लूटो आहे तसा वापरला तर ३२५ मेगाहर्ट्झच्या खाली उतरतच नाही, म्हणजे प्लूटोवर एफएम स्टेशन शोधत बसणाऱ्याला काहीही सापडणार नाही आणि त्यात प्लूटोचा दोष नाही.

सांगलीकरांचा हमखास सापळा आकाशवाणी सांगलीचा. केंद्र ओळखीचं, आकडा पाठ: १२५१. पण ते किलोहर्ट्झ आहेत, म्हणजे १.२५१ मेगाहर्ट्झ, आरटीएलच्या २४ मेगाहर्ट्झच्या कितीतरी खाली. ‘आरटीएल-एसडीआर ब्लॉग’चा व्हर्जन ३ चा डाँगल असेल तर सेटिंगमध्ये ‘डायरेक्ट सॅम्पलिंग, क्यू ब्रँच’ निवडावं लागतं, म्हणजे ट्यूनर वगळून सिग्नल थेट चिपकडे जातो. व्हर्जन ४ मध्ये फ्रिक्वेन्सी वर चढवणारं सर्किट आतच आहे, तिथे हा पर्याय लागत नाही. साध्या डाँगलमध्ये यातलं काहीच नसतं. शिवाय मध्यम लहरींना लांब तार हवी, सोबत आलेल्या टीचभर अँटेनाचं ते काम नाही. पहिल्या दिवशी या वाटेला जाऊ नका. सुरुवात एफएमनेच करा.

२. संगणकाला बोर्ड दिसतोय का?

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि बोर्ड लावा, काढा, परत लावा. यादी हलली पाहिजे. लिनक्सवर एलएसयूएसबी हा आदेश द्या. आरटीएल डाँगल असेल तर ०बीडीए आणि २८३८ ही जोडी बहुधा दिसते.

काहीच हललं नाही तर संशय आधी केबलवर घ्या. हॅकआरएफला मायक्रो-यूएसबी लागते आणि घरातल्या खणात पडलेल्या मायक्रो-यूएसबी केबलींपैकी निम्म्या फक्त चार्जिंगच्या असतात. त्यात डेटाच्या तारा नसतात. बोर्डवरचा दिवा लागतो, संगणकाला मात्र पत्ता नसतो. ज्या केबलने मोबाइलचे फोटो संगणकावर उतरतात तीच वापरा. मध्ये यूएसबी हब असेल तर तो काढून टाका. डेस्कटॉप असेल तर पुढचं पोर्ट सोडून मागचं घ्या.

प्लूटो संगणकाला नेटवर्क कार्डासारखा दिसतो आणि त्याचा पत्ता १९२.१६८.२.१ असतो. घरच्या राउटरने हीच मालिका वापरली असेल तर दोघांची गल्लत होते. तपासणीपुरतं वायफाय बंद करून बघा.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालवणाऱ्यांनी चार्जरकडे बघावं. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा लागतो. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकली तर बोर्डाची चौकशी थांबवा आणि आधी चार्जर बदला.

३. ड्रायव्हर: इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात

विंडोज हा डाँगल टीव्ही कार्ड समजून स्वतःचा ड्रायव्हर टाकतं. आपल्याला हवा असतो विनयूएसबी, आणि तो झॅडिग नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने बसवायचा. ऑप्शन्समध्ये ‘लिस्ट ऑल डिव्हाइसेस’ला टिक करा, यादीतून ‘बल्क-इन, इंटरफेस’ हे नाव आणि पुढे ‘इंटरफेस ०’ असलेली ओळ निवडा, उजव्या चौकटीत विनयूएसबी आहे ना बघा आणि बटण दाबा. ‘इंटरफेस १’ रिमोटसाठीचा असतो, त्याला हात लावू नका.

त्या यादीत तुमचा माउस, कीबोर्ड, वेबकॅमेरा सगळं असतं. घाईत माउसची ओळ निवडून ड्रायव्हर बदलला की माउस जागच्या जागी बंद. असं झालंच तर डिव्हाइस मॅनेजरमधून त्या उपकरणाचा ड्रायव्हर हटवा, ते काढून परत लावा. विंडोज मूळचा ड्रायव्हर परत आणतं. बटण दाबण्याआधी ओळ दोनदा वाचलेली बरी. आणखी एक: डाँगल दुसऱ्या पोर्टात लावला की विंडोज त्याला नवीन पाहुणा समजू शकतं आणि परत टीव्हीचा ड्रायव्हर चिकटवतं. काल चालत होतं आणि आज नाही, अशी तक्रार असेल तर पोर्ट बदललंय का ते बघा. एक पोर्ट ठरवून टाका.

लिनक्सवर कर्नल (सिस्टिमचा गाभा) स्वतःच टीव्हीचं मॉड्यूल चढवतं. नाव डीव्हीबी, यूएसबी, आरटीएल२८एक्सएक्सयू, मध्ये अंडरस्कोर. ईटीसीमधल्या मॉडप्रोब-डॉट-डी फोल्डरमध्ये एक फाइल करून त्यात ब्लॅकलिस्ट या शब्दापुढे हे नाव लिहा आणि संगणक परत सुरू करा. एररच्या संदेशांतले दोन आकडे लक्षात ठेवा. ‘क्लेम इंटरफेस’च्या ओळीत वजा ६ आला तर बोर्ड दुसऱ्या कोणाच्या ताब्यात आहे, एकतर ते मॉड्यूल किंवा मागे उघडं राहिलेलं दुसरं सॉफ्टवेअर. ‘ओपन’च्या ओळीत वजा ३ आला तर परवानगी नाही, म्हणजे यूडेव्हचे नियम (साध्या वापरकर्त्याला उपकरण वापरू देणारे) बसलेले नाहीत. नियम बसवल्यावर डाँगल काढून परत लावायचा. नेहमी सुडो (प्रशासकाचे अधिकार) लावून चालवणं हा उपाय नव्हे.

व्हर्जन ४ वाल्यांसाठी वेगळी सूचना. याच्यात आर८२८डी ट्यूनर आहे आणि त्याला नवा ड्रायव्हर लागतो. जुन्या ड्रायव्हरवर तो ओळखला जातो, सुरूही होतो, पण स्टेशन लागत नाहीत. सगळं बरोबर दिसतं आणि ऐकू काही येत नाही, त्यामुळे माणूस अँटेनाला दोष देत बसतो. व्हर्जन ४ असेल तर ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर दोन्ही नवे टाकूनच पुढे चला.

४. आकडे नीट येतायत का?

आता आरटीएल टेस्ट हा आदेश चालवा. ट्यूनरचं नाव आणि गेनच्या (सिग्नल किती वाढवायचा त्याच्या) आकड्यांची यादी आली की चिप आणि ट्यूनर एकमेकांशी बोलतायत. आर८२०टी२ ची यादी ० पासून ४९.६ पर्यंत जाते.

दोन संदेश नवख्याला उगाच घाबरवतात. टी पर्याय लावला तर शेवटी ‘ई४००० ट्यूनर सापडला नाही’ असं येतं. ती चाचणी ई४००० या जुन्या ट्यूनरपुरतीच आहे, तुमच्याकडे तो नाही एवढाच त्याचा अर्थ. ‘पीएलएल (फ्रिक्वेन्सी धरून ठेवणारं सर्किट) लॉक झाला नाही’ ही ओळ सुरू होताना एखाद्या वेळी आली तर सोडून द्या. पुढे स्टेशन लागतायत ना, ते महत्त्वाचं.

नमुने गळतायत असा संदेश सुरुवातीला एकदा आला तर चालतं, सतत येत राहिला तर नाही. मग सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला घेतलेले सिग्नलचे नमुने, कमी करा. चिप ३.२ मेगापर्यंत (सेकंदाला ३२ लाख नमुने) धावते, पण भरवशाचा आकडा २.४. खाली येताना ०.३ ते ०.९ मेगा हा पट्टा टाळा, या चिपवर तो चालत नाही. १.०२४ घ्या. आभासी मशिनमध्ये (संगणकाच्या आत चालवलेला दुसरा संगणक) चालवत असाल तर गळतीची शक्यता जास्त, ते सोडून थेट चालवा.

हॅकआरएफसाठी याच जागी हॅकआरएफ इन्फो हा आदेश. अनुक्रमांक आणि फर्मवेअरची आवृत्ती दिसली की झालं.

५. पहिलं स्टेशन

आधी घरातला साधा रेडिओ लावा आणि त्याच्यावर स्वच्छ लागणारं एक एफएम स्टेशन निवडा. आकाशवाणी कोल्हापूर १०२.७ वर आहे. सांगलीत खोलीच्या आत लहान अँटेनावर ते मिळेलच असं नाही, गच्चीवर जास्त शक्यता. साध्या रेडिओवर जे स्टेशन लागतच नाही ते बोर्डवर शोधण्यात वेळ घालवू नका.

मग एसडीआर शार्प हे सॉफ्टवेअर, किंवा लिनक्सवर जीक्यूआरएक्स, उघडा आणि या चार गोष्टी बघा.

गेन. एसडीआर शार्पमध्ये आरटीएलचा गेन सुरुवातीला शून्यावर असतो. ‘बोर्ड बहिरा आहे’ या तक्रारीचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते हेच. दात असलेल्या चाकाचं चिन्ह दाबून खिडकी उघडा, आपोआप गेनचे दोन्ही पर्याय बंद ठेवा आणि स्लायडर ३० च्या आसपास आणा.

मोड. एफएम स्टेशनला डब्ल्यूएफएम (रुंद एफएम), बँडविड्थ २०० किलोहर्ट्झच्या जवळ. एनएफएमवर (अरुंद एफएम) राहिलं तर आवाज येतो पण फाटका, आणि बोर्ड खराब असल्याची खात्रीच पटते.

आवाजाचं यंत्र. वॉटरफॉलवर जाड पट्टा दिसतोय आणि कानात शांतता, तर सॉफ्टवेअर टीव्हीच्या एचडीएमआयकडे किंवा ब्लूटूथ हेडफोनकडे आवाज पाठवत असेल. ऑडिओच्या चौकटीत आउटपुट बदला.

वॉटरफॉलचा रंग. कॉन्ट्रास्ट आणि रेंजच्या पट्ट्या चुकीच्या जागी असतील तर चांगला सिग्नलही निळ्यात बुडतो. वरचा आलेख बघा, रंगावर विसंबू नका.

बरोबर मध्यभागी, कुठेही गेलात तरी सोबत येणारी उभी रेघ दिसली तर ते स्टेशन नाही. हॅकआरएफ आणि प्लूटोमध्ये ती रचनेमुळेच येते. हवं ते स्टेशन मध्यापासून थोडं बाजूला ठेवा.

६. अँटेना

एसएमए आणि आरपी-एसएमए या दोन जोडण्या बाहेरून जुळ्या दिसतात. राउटरचा वायफाय अँटेना आरपी-एसएमए असतो. तो आट्यांवर बसला तरी मधली पिन मधल्या पिनला लागत नाही आणि सिग्नल आत येत नाही. लावण्याआधी आत डोकावून बघा: एका बाजूला पिन, दुसऱ्या बाजूला भोक हवं. घट्ट करताना नट फिरवा, डाँगल फिरवू नका. आणि मधल्या पिनेला बोट लावू नका, थंडीतल्या कोरड्या हवेत अंगावरचा स्थिर विद्युतभार ट्यूनर जाळायला पुरतो.

लांबीचं गणित तोंडी होतं. ७५ ला मेगाहर्ट्झने भागा, पाव तरंगाची लांबी मीटरमध्ये मिळते. १०२.७ साठी सुमारे ७३ सेंटिमीटर, १४५.८ साठी ५१, विमानांच्या १०९० साठी जेमतेम ७. दोन दांड्यांचा अँटेना असेल तर प्रत्येक दांडी एवढी.

जागा लांबीपेक्षाही महत्त्वाची. स्लॅबमधल्या सळ्या आणि पत्र्याचं छप्पर सिग्नल अडवतात. खिडकीत ठेवा, गच्चीवर न्या. सांगली शहर कृष्णाकाठी सखल भागात आहे. एकदा संध्याकाळी लॅपटॉप घेऊन मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरावर गेलात तर तोच डाँगल वेगळाच वाटेल.

बायस-टी हा पर्याय बंदच ठेवा. व्हर्जन ३ आणि ४ मध्ये तो अँटेनाच्या वायरीतून ४.५ व्होल्ट सोडतो, ॲम्प्लिफायरला वीज देण्यासाठी. काही अँटेना आतून जमिनीला जोडलेले असतात, तिथे हे थेट शॉर्ट होतं. आणि वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मे मध्ये, काम झालं की गच्चीवरची वायर बोर्डपासून काढून ठेवायची. ढग दाटून आल्यावर नाही, रोजच.

७. भुतं आणि खरखर

आता स्टेशन लागतंय, पण भलतीकडेही लागतंय. १४० मेगाहर्ट्झवर मराठी गाणी ऐकू येत असतील तर ते गुपित केंद्र नाही. जवळच्या जोरदार सिग्नलने ट्यूनर गुदमरला की तो असली भुतं तयार करतो. ओळखायची युक्ती: गेन एकेक पायरी खाली आणा. खरा सिग्नल हळूहळू उतरतो, भूत एकदम गायब होतं. आठ बिटांच्या बोर्डला फार मोठा आणि फार लहान आवाज एकत्र पेलत नाही, म्हणून गेन वाढवत जाणं हा उपाय क्वचितच असतो. आलेखातली तळाची रेघ (गोंगाटाची पातळी) नुकती वर उचलायला लागेल तिथे थांबायचं. समोरच्याच इमारतीवर मोबाइलचा टॉवर असेल तर एफएम अडवणाऱ्या फिल्टरने फार फरक पडणार नाही, मोबाइलच्या पट्ट्यासाठी वेगळा फिल्टर लागतो. ॲम्प्लिफायर विकत घेण्याची घाई नको; गुदमरलेल्या बोर्डपुढे ॲम्प्लिफायर लावला की परिस्थिती बिघडते.

ठरावीक अंतराने उभ्या रेघा, किंवा रुंद धुरकट पट्टा, हे बहुतेक घरातूनच येतं. लॅपटॉपचा चार्जर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर, गच्चीवरच्या सोलरचा इन्व्हर्टर, टीव्हीचा बॉक्स. लॅपटॉप बॅटरीवर घ्या आणि मेन स्विच बंद करा. रेघा गेल्या तर एकेक सर्किट चालू करत गुन्हेगार शोधा. महावितरण देखभालीसाठी लाईट घालवते त्या दिवशी ही तपासणी फुकटात होते, कारण शेजाऱ्यांचं घरही शांत असतं. तेव्हाचा वॉटरफॉल जपून ठेवा, पुढे तुलनेला कामी येतो. घर बंद असूनही रेघा राहिल्या तर लॅपटॉपच दोषी. एक्स्टेन्शन केबल लावून डाँगल त्याच्यापासून दूर न्या. यूएसबी ३ पोर्टातून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास जास्त गोंगाट येतो.

८. सगळं थोडं सरकलेलं दिसतंय

बोर्डमधल्या स्फटिकाची चूक पीपीएममध्ये (दहा लाखांत किती) मोजतात. साध्या डाँगलमध्ये ती ५० च्या पुढेही असते, टीसीएक्सओ (तापमानाची चूक भरून काढणारा स्फटिक) असलेल्या डाँगलमध्ये १ च्या आसपास. ५० पीपीएम म्हणजे १०० मेगाहर्ट्झवर ५ किलोहर्ट्झ. एफएम स्टेशनला ते जाणवतही नाही. ४३३.९२ मेगाहर्ट्झवर तेच २१ किलोहर्ट्झच्या पुढे जातं आणि अरुंद सिग्नल हातातून निसटतो.

दुरुस्तीसाठी कॅलिब्रेट हा प्रोग्रॅम मोबाइलच्या जीएसएम टॉवरशी ताडून आकडा देतो. ९०० चा पट्टा निवडा, टॉवरचं प्रक्षेपण ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झमध्ये असतं. आरटीएल टेस्टमधूनही आकडा मिळतो, पण तो संगणकाच्या घड्याळावर अवलंबून असतो. माझा विश्वास टॉवरवर जास्त. मोजण्याआधी बोर्ड वीसेक मिनिटं तापू द्या. उन्हाळ्यात गच्चीवरच्या उन्हात ठेवलेल्या डाँगलचा आकडा आणि पहाटेचा आकडा एक येणार नाही.

९. विमानांवर शेवटची परीक्षा

मुंबई ते बंगळुरू नकाशावर सरळ रेघ ओढा, ती सांगलीच्या जवळून जाते. विमानं आपली जागा १०९० मेगाहर्ट्झवर सतत सांगत असतात आणि दहा किलोमीटर उंचीवरचं विमान मोकळ्या क्षितिजावर ४०० किलोमीटरपर्यंत दिसू शकतं. डंप१०९० (हे संदेश वाचणारा प्रोग्रॅम) चालवा, ७ सेंटिमीटरची दांडी उभी करा, गच्चीवर बसा. विमानांचे आकडे यायला लागले तर यूएसबीपासून अँटेनापर्यंतची सगळी साखळी एकदम पास झाली. एफएम लागतं पण इथे काहीच नाही, तर अँटेनाची लांबी आणि वायर तपासा. स्वस्त बारीक वायर या फ्रिक्वेन्सीवर बरंच गिळते.

उपग्रहांची चित्रं पहिल्या आठवड्यात करू नका. शिवाय जुने लेख १३७ मेगाहर्ट्झवरच्या अमेरिकेच्या नोआ १५, १८ आणि १९ ची चित्रं पकडायला सांगतात; हे तिन्ही उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले. त्यांची वाट पाहत अँटेना बदलत बसाल. त्या पट्ट्यात आता रशियाचे मेटिऑर उपग्रह आहेत, आणि त्यांचं प्रक्षेपण डिजिटल आहे.

१०. हॅकआरएफ आणि प्लूटोवाल्यांसाठी

हे बोर्ड प्रक्षेपणही करतात. तपासण्यासाठी म्हणून ते बटण दाबू नका. हॅम (हौशी रेडिओ) परवाना दूरसंचार विभागाकडून परीक्षा देऊन मिळतो, त्यात रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा श्रेणी आहेत. परवाना असला तरी हॅमला दिलेल्या पट्ट्यांतच. ऐकतानाही प्रसारण, हॅम आणि उपग्रहांपुरतं राहा. पोलीस वायरलेस वगैरेच्या मागे लागू नका. हॅकआरएफची आत येणाऱ्या सिग्नलची मर्यादा उणे ५ डीबीएम आहे. शेजारी हातातला वॉकीटॉकी चालू केला तरी पुढचा ॲम्प्लिफायर जाऊ शकतो.

११. खरंच खराब असेल तर

बोर्ड परत पाठवण्याआधी तो दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या केबलने, शक्य असल्यास दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर लावा. ओळखीत दुसरा डाँगल असेल तर तुमच्या संगणकावर तो चालवून बघा. ट्यूनरचं नावच येत नाही, किंवा हात लावता येणार नाही इतका तापून बंद पडतो, किंवा गेन शून्यावरून ४९ वर नेला तरी तळाची रेघ हलत नाही, ही खऱ्या बिघाडाची चिन्हं. नुसता कोमट किंवा गरम लागणं बिघाड नाही.

व्हर्जन ३ च्या नकलाही बाजारात भरपूर आहेत, त्यामुळे खोक्यावरचं आणि बोर्डवरचं छापील नाव फोटोत घ्या. विक्रेत्याला आरटीएल टेस्टचं पूर्ण उत्तर, दोन्ही संगणकांवरचे स्क्रीनशॉट, बिल आणि वहीतल्या नोंदी एकत्र पाठवा. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलं तर उलट ड्रायव्हर टाकायच्या सूचना येतात आणि परतीची मुदत त्यातच निघून जाते. म्हणून बोर्ड हातात आल्यावर पहिल्या चार पायऱ्या त्याच दिवशी उरका.